लामालेराच्या देवमाशांसाठी सह्या गोळा करणाऱ्या मित्रांना खुलं पत्र

देवमाशांची शिकार बंद व्हावी म्हणून निवेदनं फिरवणाऱ्या सर्व मराठी मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

इंडोनेशियात लेंबाटा नावाचं बेट आहे. तिथल्या लामालेरा गावात होणारी देवमाशांची शिकार ताबडतोब आणि कायमची बंद करावी, अशी मागणी तुम्ही करता. सोबत फोटो असतो: लाटेचं पाणी लाल झालेलं, वाळूवर प्रचंड धूड आणि त्यावर सुरे घेऊन चढलेली माणसं. फोटो खोटा नाही. तो पाहून पोटात कालवतं, हेही खरं. देवमासा जगावा असं तुमच्याइतकंच आम्हालाही वाटतं. तरीही तुमच्या निवेदनातलं ‘संपूर्ण बंदी’ हे वाक्य काढून टाका, अशी विनंती करायला आम्ही हे पत्र लिहीत आहोत. त्या जागी काय मागावं, तेही सांगणार आहोत. पण हे गाव पोट कसं भरतं ते आधी सांगितल्याशिवाय त्या मागण्या कळायच्या नाहीत, म्हणून पत्र लांबलं आहे. वेळ काढून वाचा.

आधी नावाचा घोळ मिटवू. लामालेरा आणि लामाकेरा ही दोन वेगळी गावं आहेत. लामाकेरा शेजारच्या सोलोर बेटाच्या पूर्व टोकाला आहे, वस्ती मुस्लिम. ते ओळखलं जातं मांटा या प्रचंड पाकट माशाच्या शिकारीसाठी. मोटारबोटी आल्या, मांटाच्या कल्ल्यांना चिनी औषधबाजारात भाव मिळू लागला, आणि पूर्वी वर्षाला दोन-तीनशेच्या घरात असलेली तिथली शिकार २००० सालाच्या सुमाराला हजाराच्या वर गेली. लामालेरा हे लेंबाटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कॅथलिक गाव. तिथली मुख्य शिकार म्हणजे स्पर्म व्हेल हा दात असलेला देवमासा, त्यांच्या भाषेत कोतेक्लेमा. एका अक्षराच्या फरकामुळे एका गावाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर चढतात. निवेदनात एखादा आकडा घालण्यापूर्वी तो कुठल्या गावाचा आहे, एवढं तरी तपासा.

आता जागा पाहा. गाव लाबालेकांग डोंगराच्या उतरणीवर, समोर सावू समुद्र. वस्तीचे दोन भाग आहेत, लामालेरा अ आणि लामालेरा ब. एक चढावर, दुसरा खाली वाळूला लागून. दोन्ही मिळून दीड-दोन हजार माणसं. खाली वाळूची एक आखूड पट्टी आहे आणि तिच्या कडेने शाकारलेल्या खोपी ओळीने उभ्या आहेत. त्यांत होड्या ठेवतात. डोंगर ज्वालामुखीचा, उतार कडक, माती पातळ आणि दगडाळ. पाऊस डिसेंबर ते मार्च, बाकीचे महिने कोरडे. इथे भात होत नाही, आणि मक्याची म्हणावी अशी शेतंही नाहीत. मका, रताळी, केळी पिकतात ती वरच्या डोंगरातल्या गावांकडे. लामालेराकडे आहे फक्त समुद्र. तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून खोल पाण्यात बुड्या मारणारा हा देवमासा गावातून डोळ्यांनी दिसेल इतका जवळून जातो. गाव नेमकं इथेच का वसलं आणि टिकलं, याचं कारण तेच.

बेटाचं मुख्य ठाणं लेवोलेबा, उत्तरेच्या बाजूला. तिथून लामालेरा पन्नासेक किलोमीटर, पण नकाशावर अंतर मोजून या रस्त्याचा अंदाज बांधू नये. डोंगर ओलांडायचा असतो. माणसं, पोती, कोंबड्या, पेट्रोलचे डबे असं सगळं एकाच ट्रकमध्ये, आणि त्याला कित्येक तास लागतात. लेंबाटा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बेटाच्या उत्तरेचा लेवोतोलोक ज्वालामुखी उसळला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २०२१ च्या एप्रिलमध्ये सेरोजा चक्रीवादळ आलं, आणि त्याच डोंगराच्या कुशीतल्या गावांवर चिखल आणि धोंडे कोसळून पुष्कळ माणसं गेली. अशा बेटावर ‘पर्यायी रोजगार द्यावा’ असं एका ओळीत लिहून मोकळं होता येत नाही.

आता शिकारीबद्दल. हंगाम मे ते ऑक्टोबर, त्याला लेफा म्हणतात. सुरुवातीला, ३० एप्रिलच्या संध्याकाळी, समुद्रात जीव गमावलेल्या माणसांसाठी किनाऱ्यावर मिस्सा होते, मेणबत्त्या लागतात. त्यानंतर होड्या पाण्यात पडतात. रविवारी कोणी जात नाही. हंगामाबाहेर कोणाला देवमासा दिसला तर ‘बालेओ, बालेओ’ अशी हाळी गावभर जाते आणि हातातलं काम टाकून माणसं खाली धावतात.

होडीला तेना म्हणतात. लांबी दहा-बारा मीटर. लोखंडी खिळा एकही नाही, आराखडाही कागदावर नसतो. आधी तळाचा सोट, मग त्यावर एकेक फळी चढवत बाहेरचं कवच पुरं करायचं, आणि आतल्या बाका, म्हणजे होडीच्या फासळ्या, सगळ्यांत शेवटी. फळ्या वाकवत नाहीत. जाड लाकूड तासून लागेल तो बाक त्यातूनच काढतात. लाकूड पुष्कळ वाया जातं, पण अशी फळी पुढे उलगडायला पाहत नाही. दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडून त्यांत लाकडी खुंट्या बसवायच्या आणि फळी ठोकून ठोकून खाली उतरवायची. आतल्या बाजूला फळीच्याच अंगचे लाकडी उंचवटे न तासता राखून ठेवलेले असतात. आतल्या बाका त्यांनाच वेताने बांधायच्या. बुंध्याची बाजू कुठे आणि शेंड्याची कुठे यावी, याचाही नियम असतो. तो चुकला तर होडी अपशकुनी मानतात. हा सगळा खटाटोप कशासाठी? देवमाशाची शेपटी फळीवर बसते तेव्हा खिळ्याने जखडलेली होडी तडकते, बांधलेली होडी थोडी हलते, दबते आणि बहुतेक वेळा तरते. फुटलीच तर तेवढी फळी काढून दुसरी बसवता येते. आपल्या कोकणात आणि गोव्यातही एकेकाळी काथ्याने शिवलेल्या होड्या होत्या, त्यांच्यामागचा हिशोबही थोडाफार हाच. शीड गेबांग माडाच्या पानांचं, विणलेले लहान चौकोन एकमेकांना शिवून केलेलं. देवमासा जवळ आला की शीड आणि डोलकाठी दोन्ही खाली उतरवतात आणि पुढचा पल्ला वल्ह्यांवर.

नाळेच्या पुढे बांबूची एक फळी समुद्रावर झेपावलेली असते. तिच्यावर लामाफा, म्हणजे देवमाशाला पातं मारणारा, उभा राहतो. त्याच्या हातात लांब बांबू, टोकाला लोखंडी काट्याचं पातं. पातं बांबूत सैल बसवलेलं असतं, कारण ते अंगात रुतलं की बांबू निसटायला हवा. दोरी बांधलेली असते ती पात्याला. लामाफा बांबू फेकत नाही, बांबूसकट स्वतः उडी मारतो. देवमाशाची चरबी इतकी जाड की नुसत्या हातच्या जोराने पातं आत जात नाही, माणसाचं वजन त्यामागे लागतं. उडीनंतर तो पाण्यात, जखमी जनावराच्या शेजारी. तिथून परत होडीवर यायचं ते ज्याचं त्याने.

पुढचा सगळा खेळ दोरीचा. मुख्य दोरीला लेओ म्हणतात. जुन्या पद्धतीची लेओ हाताने कातलेल्या सुताची, त्यात माडाच्या पानाचे आणि झाडाच्या सालीचे तंतू, आणि वरून झाडाच्या रसाचा लेप. ती कुळाच्या मूळ घरात ठेवतात, उकिरड्याजवळ किंवा येता-जाता पायाखाली कधीच नाही. देवमासा बुडी मारतो तेव्हा ही दोरी सळसळत बाहेर जाते, आणि तिच्या वेटोळ्यात कोणाचा पाय असेल तर तो माणूसही जातो. बहुतेक मरणं आणि तुटलेले हातपाय दोरीने आणि शेपटीने झालेले आहेत. कधी जनावर बुडी मारण्याऐवजी होडीला ओढत खोल समुद्रात नेतं. १९९४ साली असंच झालं. होड्या ओढल्या गेल्या, किनारा दिसेनासा झाला, दोरी कापावी लागली, आणि कित्येक दिवस भरकटलेल्या माणसांना शेवटी एका पर्यटक जहाजाने उचललं. गावाची श्रद्धा अशी की घरात भांडण असेल तर शिकार फसते. म्हणून निघण्याआधी वाद मिटवून घेतात. ज्या कामात बारा माणसांचे जीव एका दोरीवर टांगलेले असतात तिथे ही श्रद्धा आम्हाला फार शहाणी वाटते.

सगळेच देवमासे मारत नाहीत, हेही तुमच्या निवेदनात कधी येत नाही. निळा देवमासा आणि तोंडात दातांऐवजी झालर असलेले त्याचे भाईबंद इथे निषिद्ध आहेत. अशा एका माशाने पूर्वजांपैकी एकाला वाचवलं, अशी आख्यायिका त्यामागे आहे. कुठल्याही कायद्याच्या कितीतरी आधीपासून ही बंदी गावाने आपणहून पाळली आहे. स्पर्म व्हेल वर्षाला सरासरी वीसेक मिळतात. एखाद्या वर्षी पाच-सातही नाहीत, एखाद्या वर्षी चाळीसही.

किनाऱ्यावर आल्यावर वाटणी. तुमच्या फोटोत जी झुंबड दिसते ती वाटणीची आहे, आणि ती झुंबड नाही. मांस वजनाने वाटत नाहीत, अंगाच्या भागांवरून वाटतात. कुठून कुठपर्यंतचा तुकडा कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे आणि सुरा त्याच रेषेने चालतो. होडीवर गेलेल्यांचा वाटा असतो, तसाच होडी ज्या कुळांच्या मालकीची त्यांचा. लामाफाचा, होडी बांधणाऱ्या सुताराचा, पातं घडवणाऱ्या लोहाराचा, शीड करणाऱ्याचा असे वाटे वेगळे. डोक्याचा भाग जातो ‘भूमीचे धनी’ मानलेल्या जुन्या कुळांकडे. लामालेराची माणसं इथे बाहेरून आलेली, आणि ही कुळं आधीपासूनची. हंगामाच्या आरंभी डोंगरावर जाऊन देवमाशांना साद घालण्याचा मान त्यांचाच. मग प्रत्येक वाट्यातून पुन्हा नात्यात, शेजारात, विधवा बायकांच्या आणि पोरक्या मुलांच्या घरी तुकडे जातात. गावाच्या प्रार्थनेत शिकार मागतात तीच मुळी या विधवा-पोरक्यांच्या नावाने.

या वाटणीने माणसांचा स्वभाव कसा घडतो, याचा एक पुरावा अर्थशास्त्रज्ञांकडे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगातल्या १५ लहान समाजांत एकच खेळ खेळवला गेला. एका माणसाच्या हाती ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यातले किती दुसऱ्याला देणार ते विचारायचं. दुसऱ्याने नाकारलं तर दोघांनाही काही नाही. बहुतेक ठिकाणी माणसं निम्म्याहून कमी देऊ करतात. लामालेरात सरासरी निम्म्याच्या वर गेली, आणि ती पंधराही समाजांत सर्वांत जास्त होती.

वाट्याचं मांस घरी आलं की बायकांचं काम सुरू होतं. लांब पट्ट्या कापून बांबूवर टांगतात, आपल्याकडे बोंबील सुकवायच्या वलांडी असतात तशाच. मांस जवळजवळ काळं असतं. चरबीच्या पट्ट्यांतून उन्हाने तेल ठिबकू लागतं, ते खाली धरून ठेवतात. जेवणात घालतात, पूर्वी दिव्यातही जाळत. सुकलेली पट्टी महिनोन्‌महिने टिकते, आणि या टिकण्यावरच घरचं वर्षाचं गणित उभं असतं, कारण ही पट्टी म्हणजे गावाचा पैसा आहे.

दर शनिवारी शेजारच्या वुलांडोनीत बाजार भरतो. डोंगरातल्या बायका मका, केळी, रताळी, विड्याची पानं, सुपारी घेऊन उतरतात. लामालेराच्या बायका सुकं मांस, सुकी मासळी, मीठ आणि चुना घेऊन येतात. सगळ्याजणी बसलेल्या असतात, पण शिट्टी वाजेपर्यंत कोणी हात पुढे करत नाही. शिट्टी वाजली की अदलाबदल. हिशोब सहाच्या पटीत चालतो, सहाच्या जुडग्याला मुंगा म्हणतात. हातभर नसलेल्या एका पट्टीला साधारण दोन मुंगा मका, म्हणजे बारा कणसं, किंवा बारा केळी. भाव वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, आणि डोंगरात मका चांगला पिकला म्हणून समुद्राकाठची बाई नागवली जात नाही. बाजाराशिवाय आठवड्यातून काही दिवस बायका डोक्यावर टोपली घेऊन पहाटे निघतात, कित्येक किलोमीटर चढून डोंगरातल्या दारोदार जातात आणि धान्याने भरलेली टोपली घेऊन उतरतात. कोकणात सुकट देऊन भात घेणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता बंदी आली असं धरा. मांस नाही म्हणजे मका नाही. मका नाही म्हणजे तांदूळ विकत घ्यायचा, आणि त्याला रोख पैसे हवेत. रोख कुठून येणार? या प्रांतातली हजारो माणसं आजच मलेशियात मळ्यांवर आणि बांधकामांवर राबायला जातात. त्यांत लामालेराच्या तरुणांची भर पडेल. डोंगरातल्या बायकांच्या घरात येणारं हे मांस बंद होईल ते वेगळंच. निवेदनात लामालेराचं नाव आहे, पण अर्धी झळ अशा गावांना बसेल ज्यांनी आयुष्यात देवमासा जिवंत पाहिलेला नाही.

बाहेरून येऊन या गावाला सुधारण्याचे प्रयत्न याआधीही झाले आहेत, आणि दोन्ही दिशांनी. १९७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने शिकार ‘आधुनिक’ करायला नॉर्वेचा एक कसलेला व्हेलशिकारी पाठवला. तीन वर्षं खटपट झाली आणि सोडून द्यावी लागली. गावाची स्वतःची पद्धत त्यांच्या साधनांना आणि रीतीला जास्त साजेशी आहे, असं संघटनेच्या अहवालानेच मान्य केलं. मग उलट वारं आलं. २००९ साली सावू समुद्र सागरी राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली. लामालेराच्या लोकांनी कडाडून विरोध केला. उद्यान पुढे २०१४ साली पक्कं झालं, तेहतीस लाख हेक्टरांहून मोठं, पण सोलोर-लेंबाटा-आलोरकडचा भाग वगळून. विरोधाचं कारण साधं होतं. आमच्याशी न बोलता आमच्या समुद्रावर रेघा ओढल्या, असं त्यांना वाटलं. तुमचं निवेदनही आज त्यांना तसंच वाटेल.

हे गाव अडाणी आहे, समजावणारं कोणी नाही, असा सूर कृपा करून लावू नका. मिशनच्या शाळांमुळे शिक्षण इथे लवकर पोहोचलं. गावातून शिक्षक आणि धर्मगुरू मोठ्या संख्येने बाहेर पडले. इंडोनेशियन भाषेचं व्याकरण ज्यांच्या पुस्तकांवरून पिढ्या शिकल्या ते गोरिस केराफ लामालेराचे. १९९९ ते २००१ या काळात इंडोनेशियाचे पर्यावरणमंत्री असलेले, पर्यावरणनीतीचे अभ्यासक सोनी केराफ हेही लामालेराचेच. संवर्धनाची भाषा या गावाला परकी नाही.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितक्याच स्पष्टपणे. गावात सगळं जुनं तसंच राहिलेलं नाही. २००० सालानंतर बाहेर लावायचं मोटार इंजिन घरोघरी आलं. त्या बोटीला जोन्सोन म्हणतात, इंजिनाच्या एका कंपनीच्या नावावरून. नियम असा केला की स्पर्म व्हेलला पातं मारायचं ते तेनावरूनच. पण जोन्सोन तेनाला ओढत जनावरापर्यंत नेते, त्यामुळे पूर्वी वल्ह्यांनी गाठता न येणारा देवमासाही आता गाठता येतो. डॉल्फिनची शिकार तर थेट जोन्सोनवरून होते. पेट्रोलला रोख पैसे लागतात, म्हणून विकता येईल असा मासा हवा, म्हणून रात्री तरंगती जाळी सोडतात. तरुणांना हे सोयीचं आहे: बारा माणसं जमवायची नाहीत, वाटणी नाही, पकडलं ते आपलं. या जाळ्यांत नको ते जीवही अडकतात. मांटा २०१४ पासून इंडोनेशियात पूर्ण संरक्षित आहे, तरी कल्ल्यांसाठी चोरटे व्यापारी या किनाऱ्यांवर येत राहिले.

आणि स्पर्म व्हेल सावकाश वाढणारं जनावर आहे. मादीचं गरोदरपण चौदा-पंधरा महिन्यांचं, दोन पिलांत चार ते सहा वर्षांचं अंतर. माद्या आणि पिलं टोळीने राहतात. अशा टोळीतून एका दिवशी तीन-चार मोठ्या माद्या गेल्या तर भरून यायला फार काळ लागतो. स्पर्म व्हेल इंडोनेशियाच्या कायद्यानेही संरक्षित आहे. लामालेरात पोटापुरत्या, रीतीच्या शिकारीकडे सरकार काणाडोळा करतं, एवढंच. म्हणून ‘परंपरा आहे, बोलू नका’ असं आम्ही म्हणणार नाही. बोला, पण नेमकं बोला.

देवमाशांवरचं मोठं संकट या वाळूवर नाही. विसाव्या शतकात कारखानी जहाजांनी स्पर्म व्हेल लाखांनी मारले. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी १९८२ मध्ये ठरली आणि १९८६ पासून लागू झाली. आज त्याला मारतात जहाजांच्या धडका, सोडून दिलेली जाळी आणि प्लास्टिक. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंडोनेशियातल्याच वाकाटोबीला साडेनऊ मीटरचा मेलेला स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागला. त्याच्या पोटातून ५.९ किलो प्लास्टिक निघालं: ११५ पेले, २५ पिशव्या, चार बाटल्या, दोन सपाता, एक नायलॉनचं पोतं आणि हजाराहून जास्त दोऱ्यांचे तुकडे. त्या पेल्यांचा लामालेराच्या शिकारीशी काही संबंध नाही.

आपल्या घरीही पाहा. ‘व्हेलची उलटी’ म्हणून कोट्यवधींच्या सौद्यात पकडलेल्या माणसांच्या बातम्या मुंबई, पुणे, सिंधुदुर्गातून सतत येतात. ती उलटी, म्हणजे अंबरग्रीस, याच स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार गुन्हा आहे, तरी घेणारे आहेत म्हणून विकणारे आहेत. तुमच्या निवेदनात याबद्दल एक ओळ असती तर बरं झालं असतं. दुसरं उदाहरण चांगलं आहे. जाळ्यात संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर महाराष्ट्रात त्याला जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढून पाठवायचा, खातरजमा होते, पैसे येतात. या योजनेमुळे कासवं, बहिरी मासे (व्हेल शार्क), डॉल्फिन सुटले आहेत. नुकसान कोणाचं होतं हे ओळखून ते आधी भरून दिलं, म्हणून ती चालली.

तर मग मागा हे. लामालेराच्या समुद्रात तरंगत्या जाळ्यांत सापडलेला मांटा, डॉल्फिन, कासव सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळावी, आपल्याकडे मिळते तशी. कल्ल्यांच्या व्यापाऱ्यावर कारवाई व्हावी, मच्छीमारावर नंतर. स्पर्म व्हेलची प्रत्येक शिकार गावाने स्वतः नोंदवावी: तारीख, लांबी, नर की मादी, पोटात पिलू होतं का, होडीला इंजिनाने किती ओढलं. ही नोंद ठेवणाऱ्याला महिन्याचं मानधन मिळावं, आणि वही गावाच्या ताब्यात राहावी. तीन-चार वर्षांची वही हाती आली की मोठ्या माद्या आणि पिलांसह असलेली टोळी सोडून द्यावी, असा नियम गावाच्या सभेत मांडता येईल. निळ्या देवमाशाच्या शिकारीवरची बंदी ज्यांनी आपणहून पाळली त्यांना असा नियम करता येतो. इंजिनाने ओढण्याची मर्यादाही तिथेच ठरू द्या.

एक मागणी आरोग्याची. दात असलेल्या देवमाशांच्या मांसात पारा साठतो, कारण ते अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो जास्त घातक. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर याच कारणाने २००८ मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पायलट व्हेलचं मांस न खाण्याचा सल्ला दिला. लामालेरात आणि डोंगरातल्या गावांत बायकांच्या केसांचे नमुने घेऊन तपासणी व्हावी. पाऱ्याची तपासणी केसांवरून होते, त्याला रक्त लागत नाही, शीतपेटी लागत नाही, पाकीट ट्रकमधूनही जातं. निकाल आधी त्या बायकांना सांगावा, वर्तमानपत्राला नंतर. मांस कमी खाण्याचं खरं कारण मिळालं तर ते त्यांना आतून पटेल. बाहेरून आलेल्या बंदीने ते पटणार नाही.

तुमच्यापैकी काहीजण बालीहून पुढे कोमोडोला जातात, क्वचित कोणी लेंबाटालाही. शिकार पाहायला मिळावी म्हणून होडीवाल्याला जादा पैसे देऊ नका. जो देवमासा सोडून दिला असता तो पैशासाठी मारला जाण्याची वाट त्यातून उघडते. वाटणी चालू असताना डोक्यावर ड्रोन उडवू नका. वुलांडोनीच्या बाजारात रोख पैसे देऊन सुकं मांस मागू नका. त्याला रोख गिऱ्हाईक लागलं की ते डोंगरात पोहोचणार नाही.

निवेदन बदललंत तर ते इंडोनेशियन भाषेत करून घ्या. राजधानीतल्या मंत्रालयाबरोबर लेवोलेबाच्या जिल्हा कार्यालयाला आणि लामालेरा अ व ब या दोन्ही गावांच्या कार्यालयांना प्रत पाठवा. कागदी पाठवा, कारण तिथे इंटरनेटपेक्षा ट्रक जास्त भरवशाचा आहे. होड्या मेच्या पहिल्या आठवड्यात पाण्यात पडतात. गावाची सभा त्याआधी भरते आणि हंगामाचे निर्णय तिथेच होतात. एप्रिलच्या सुरुवातीला प्रत हातात पडली तर ती सभेत वाचली जाऊ शकते.

आपले,
लेंबाटाच्या समुद्राचा आणि माणसांचा अभ्यास करणारे काहीजण